शेड्याच्या गाठी

बळवंततात्या मेला तेव्हा मी त्याच्या मातीला गेलो नाही. एकाच आडनावाची माणसं आम्ही, एकाच विहिरीचं पाणी प्यायलेली, तरी गेलो नाही. तिरडी माझ्या दारावरून गेली तेव्हा मी ओट्यावर बसलेलो होतो, तो उठूनसुद्धा उभा राहिलो नाही. भावकीनं नावं ठेवली, अजून ठेवते. ठेवू दे. माझी शाळा चौथीच्या आतच सुटली, त्यामुळं अक्षर वाकडं येतं, पण गोष्ट सरळ आहे. मी गेल्यावर कुणी ती वाकडी करून सांगू नये म्हणून हे लिहून ठेवतो.

मळवलीच्या वरच्या अंगाला डोंगराच्या खांद्यावर आमची वाडी. घर म्हणजे निम्मं माणसांचं, निम्मं जनावरांचं. मधे कुडाची भिंत, तीही छातीएवढीच. पलीकडं कपिला गाय रवंथ करायची आणि अलीकडं आम्ही जेवायचो. ती एकदम थांबली की आईचा घास हातात राहायचा, "बाहेर कोण आलंय बघ रं." वर माळ्यावर गवत भरलेलं असायचं. पावसाळ्यात चुलीचा धूर त्या गवतात शिरायचा आणि सगळ्या घराला एक गोडसर, उबदार वास यायचा. नाचणीची भाकरी, वर कुर्डूची भाजी, नाही तर ओढ्यातल्या खेकड्यांचं कालवण. कपिला व्यायली की खरवस, तोही आधी शेजारी वाटून उरला तर. खाली खोऱ्यातून आगगाडीची शिट्टी यायची आणि वर कातळावरून पाणी पडायचं. ह्या दोन आवाजांच्या मधे माझं सगळं बालपण गेलं.

आमची खरी दौलत घरात नव्हती, वरच्या पठारावर होती. भाताची खाचरं सगळ्यांचीच लहान, त्यावर पोट भरायचं नाही. पण पठारावर प्रत्येक घराचा गवताचा एक-एक पट्टा होता आणि त्या पट्ट्यात शेडा उगवायचा. शेडा कुणी पेरत नाही. उन्हाळ्यात बघाल तर जमिनीवर नुसते करडे ठोंब, मेल्यासारखे. पावसाची ऊब लागली की त्याच जुन्या ठोंबातून नवी पाती निघतात, आणि आश्विनात कंबरेएवढं रान वाऱ्यावर तांबूस लाटा मारतं. असला गोड चारा दुसरा नाही. गाय तो खाताना डोळे मिटते. उतारावरचं कुसळी गवत तिला दाखवा, नाक फुरफुरून मान फिरवील. आबा, म्हणजे माझे वडील, सांगायचे, "शेडा पिकंस्तवर त्याला हात लावायचा न्हाई. बी खाली पडू द्यायचं. पात्यातलं दूध मुळीत उतरू द्यायचं. मग कापा. हिरवा कापला तर यंदाचं पोट भरंल, पर पुढच्या सालाचा गळा कापला जाईल."

म्हणून आमच्या वाडीत नागपंचमीला रान बंद व्हायचं. त्या दिवशी विळा-कोयता उचलायचा नसतो, तेव्हा हातांनीच करायचं काम म्हणून गाठी मारायच्या. प्रत्येक घरातलं माणूस आपल्या पट्ट्याच्या कडेनं फिरायचं आणि उभ्या गवताचे दोन-दोन ठोंब एकमेकांत पिळून गाठ मारायचं. तेच कुंपण. गाठींच्या आत कुणाचंही जनावर घालायचं नाही, मालकाचंसुद्धा नाही. जनावर घुसलंच तर गाठी तुटणार, आणि तुटलेली गाठ कुणालाही दिसणार. आमच्या पट्ट्याच्या गाठी आई मारायची. ती डावरी होती. विळा डाव्या हातात, भाकरी डाव्या हातानं, आणि गाठीचा पीळही उलटा. बायका तिला हसायच्या, "पारूचं सगळं जग उफराटं." आई म्हणायची, "उफराटं असंल, पर सुटत न्हाई."

दसऱ्यानंतर रान उघडायचं. कोणत्या दिवशी, ते एकच माणूस ठरवायचं. ज्याच्या हातात पहिली मूठ, तो. पहिली मूठ तो कापून वाघजाईपुढं ठेवायचा आणि मग बाकीच्यांचे विळे चालायचे. हा मान आमच्या घरात होता. आज्याकडून आबांकडं आला होता. आबा तसे गरीब, पण त्या दिवशी ते पठारावर चालायचे तेव्हा त्यांच्या पुढं पाऊल टाकायची कुणाची छाती नव्हती.

बळवंततात्या आबांचा चुलतभाऊ. माणूस देखणा, बोलायला गोड, आणि त्याच्या दावणीला म्हशी. दूध लोणावळ्याला जायचं. म्हशी वाढल्या तसा त्याचा स्वतःचा पट्टा त्यांना पुरेना. नवी पाती फुटली की रान बंद व्हायच्या आधी, आषाढातच, तो चारून संपवायचा. आज त्याचा तो पट्टा विकला गेलाय. तिथं बंगला झालाय, आणि बंगल्यापुढं चटईसारखी गुंडाळून आणलेली परदेशी हिरवळ अंथरलीय. तिला टँकरनं पाणी घालावं लागतं आणि तिच्यावर जनावर सोडायची बंदी आहे. राखणदार कोण, तर बळवंताचाच नातू. शिट्टी फुंकून आमच्या वाडीची गुरं हाकलतो. मी मुद्दाम त्या वाटेनं जातो. बरं वाटतं मला. खोटं कशाला सांगू?

त्या साली, मिसरूड फुटायच्या वयात, श्रावण सरता सरता मी आमच्या पट्ट्यावर गेलतो. कडेला सगळं ठीक होतं, गाठी जागच्या जागी. आत शिरलो तर मधलं रान खाल्लेलं. शेंडे ओरबाडलेले, बुडखे तुडवलेले, आणि म्हशींच्या शेणाचे पो पडलेले. मी धावत खाली आलो. आई वर आली, तिनं गाठी बघितल्या आणि एका जागी खाली बसली. खिंडीच्या बाजूच्या गाठींचा पीळ उजवा होता. कुणीतरी तिच्या गाठी सोडून जनावरं आत घातली होती, आणि बाहेर पडताना पुन्हा बांधून ठेवल्या होत्या. ते करताना त्या माणसाच्या ध्यानातही आलं नव्हतं की आपण सगळ्यांसारखी गाठ मारतोय आणि हे घर सगळ्यांसारखी मारत नाही. खिंडीतून पुढं एकच दावण होती. बळवंताची.

आबांनी गावकी बसवली. वाघजाईच्या पुढच्या चौथऱ्यावर सगळे पुरुष बसले, बायका लांब झाडाखाली. आबांनी जे घडलं ते सांगितलं आणि खाली बसले. जास्त बोलणं त्यांच्यात नव्हतंच. बळवंता उठला, हसला.

"दादा, तू माझ्याहून थोरला, म्हणून ऐकून घेतो. पर इचार कर. बाहेरनं जनावर घुसलं असतं तर गाठी तुटल्या असत्या का न्हाई? तुझ्या गाठी तर जशाच्या तशा. म्हंजे सोडणारा आन बांधणारा घरचाच. तुझीच गाय तू आत घातलीस, आन आता माझ्या म्हशींवर घालतोस."

लोक एकमेकांकडं बघायला लागले. पहिल्या मुठीचा मालकच बंद रान चारतो म्हटल्यावर त्याहून मोठं पाप आमच्यात नव्हतं. तेवढ्यात आई झाडाखालून उठून पुढं आली.

"शेण म्हशीचं हाय. आन गाठी माझ्या न्हाईत. माझा पीळ डावा, ह्या उजव्या."

चौथऱ्यावरून हशा उठला. एक म्हातारा म्हणाला, "पारू, गवताला कुटं डावं-उजवं असतं का गं? जा, बस जा तिकडं. गावकीत बाया बोलत न्हाईत." बळवंताही हसला. त्याला माहीत होतं की आई खरं बोलतेय. मी त्याच्याकडंच बघत होतो. हसताना त्याचे डोळे आईवर नव्हते, जमिनीवर होते.

मग शपथेची गोष्ट निघाली. आमच्यात गाईची शेपटी हातात धरून खोटं बोलत नाहीत. आमचीच कपिला आणली. बळवंतानं तिची शेपटी धरली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "माझी म्हस त्या पट्ट्यात गेली न्हाई." मग सगळे आबांकडं वळले. आबा उठेनात.

"धर की दादा शेपटी," बळवंता म्हणाला.

"मी खरं ते सांगितलंय," आबा म्हणाले. "मुकं जनावर मधी उभं करून माझा खरेपणा दावायचा व्हय? न्हाई धरणार."

असला आमच्या घराचा ताठा. धरली असती तर गोष्ट तिथंच फिरली असती. पण मी आबांना कधी दोष दिला नाही. मीही धरली नसती. गावकीनं मात्र त्याचा अर्थ आपल्या सोयीनं लावला. पहिली मूठ आबांकडून काढली आणि बळवंताला दिली. आबा घरी आले, विळा आढ्याला खोचला आणि त्यानंतर पठारावर कधी चढले नाहीत. जेवायला बसायचे, पण भाकरीचे तुकडे ताटातच राहायचे. आई रात्रंदिवस काहीतरी पिळत बसायची, वाखाचे दोर, गवताचे वेठ, हाताला लागेल ते. मी तिच्या हातांकडं बघायचो आणि मनात म्हणायचो, बळवंता, तुला मी ह्या हातांपुढं उभा करीन. नाही केला तर बापाचं नाव लावणार नाही.

वाट फार बघावी लागली नाही. बळवंताच्या हातात मूठ आली आणि त्याला धीर निघेना. स्टेशनाजवळच्या वखारवाल्याला मुंबईच्या तबेल्यांसाठी लवकर गवत हवं होतं. बळवंतानं भाद्रपद सरायच्या आतच रान उघडलं. शेडा अजून हिरवा, कणसं कोवळी, बी भरलेलंसुद्धा नाही. लोकांना आयतीच परवानगी मिळाली. सगळी वाडी विळे घेऊन पठारावर चढली. आमचा एकच पट्टा उभा राहिला.

बळवंता वाटेत भेटला. "किसन, तुमचा विळा गंजला का रं?"

"गंजू दे, तात्या," मी म्हणालो. "कापायच्या येळी धार लावू."

"आबाला म्हणावं, गेलेला मान रुसून परत येत न्हाई."

मी माझी वाट धरली. बोलून राग हलका होतो. मला तो हलका करायचा नव्हता.

हस्त लागला आणि पाऊस जो कोसळला तो थांबेना. लोकांनी ओल्या-हिरव्या गवताच्या गंजी रचल्या होत्या. वरून पाणी, आत वाफ. मी जाताना एखाद्या गंजीत हात खुपसून बघायचो. आत भाकरीच्या तव्यासारखी गरम. आम्ही थांबलो. आमच्या पट्ट्यातलं खाल्लेलं रानसुद्धा मुळातून पुन्हा फुटलं होतं, पिकून सोन्यासारखं झालं. दिवाळी झाल्यावर, बी गळून गेल्यावर, आई आणि मी दोघांनीच कापलं. तिचा विळा डावीकडून, माझा उजवीकडून. आदल्या सालची निम्मी गंजही तशीच शिल्लक होती. तिच्या शेजारी नवी रचली. चढावर उभी राहिलेली ती जोडी खालच्या रस्त्यावरूनही दिसायची.

फाल्गुनात लोकांनी आपापल्या गंजी फोडल्या. आत काळं. बुरशीचा धूर उडायचा, माणसं खोकत मागं सरायची. जनावरं तोंड लावीनात. पठारावर ठोंबसुद्धा खुरटून गेले होते, चरायला काही नाही. चैत्रात पहिला माणूस आमच्या दारात आला. आईला गावकीत हसलेला तोच म्हातारा. मला म्हणाला, "किसन, दोन भारे दे बाबा. गाय गाभण हाय."

"माझ्याकडं न्हाई मागायचं," मी म्हणालो. "गंज आईची. आईला इचारा."

म्हातारा आईकडं बघेना. मी म्हणालो, "हितं गावकी न्हाई म्हातारबा, बोला की. बायामाणसाशी बोलायला हितं बंदी न्हाई."

तो हळूच म्हणाला, "पारू, दोन भारे देतीस का?" आईनं दिले. वेठानं बांधून दिले, आपल्या उलट्या पिळाच्या गाठीनं, आणि म्हणाली, "सोडताना डावीकडनं सोडा, मामा, न्हाईतर सुटायची न्हाई." त्याच्या मानेत जी शरम चढली ती मी पोट भरून बघून घेतली. त्यानंतर घराघरातून एक-एक आला. प्रत्येकाला आईकडंच मागावं लागलं. आणि प्रत्येकानं गाठीचा पीळ हातात धरून बघितला. मी सगळ्यांना दिलं. फक्त बळवंताच्या घरावरून भारे नुसते पुढं गेले.

वैशाखाच्या तोंडाला बळवंताची बायको सोनाकाकी आली. चांगली बाई. लहानपणी मला तिनं किती वेळा साय दिली असेल. ती आईच्या पायाशी बसली. "पारूबाई, मोरी म्हस उठंना झालीय. बरगड्या मोजाव्यात अशी गत. जनावराचा काय गुन्हा?"

आईचे हात थांबले. मी मधे आलो. "काकी, जनावराचा गुन्हा न्हाई. म्हणून जनावराच्या मालकानं यावं."

"त्यांचं त्वांड न्हाई दावायला."

"मग म्हशीला सांगा तसं."

ओट्यावरून आबा म्हणाले, "किसन, दे रं तिला."

त्या दिवसापर्यंत मी आबांचा शब्द कधी मोडला नव्हता. "आबा," मी म्हणालो, "ह्यात तुमी पडायचं न्हाई." सोनाकाकी रिकाम्या हातानं गेली. आई आत निघून गेली. आज कुणी विचारतं, "तेव्हा तुझं काळीज कसं झालं?" माझं काळीज ठिकाणावर होतं. पठारावर खाल्लेलं ते मधलं रान माझ्या डोळ्यांपुढं होतं, आणि ताटात राहिलेले भाकरीचे तुकडे.

दोन दिवसांनी सकाळी बळवंता आला. गवत न्यायला आलेली वाडीतली निम्मी माणसं गंजीपाशी उभी होती. त्यानं ती वेळ टाळायला बघितली असणार, पण मी सकाळीच गवत वाटायचो. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "एक भारा दे. मोरी आज जाईल."

मी गोठ्यातून कपिलेला सोडून आणलं. मधे उभी केली. "शेपटी धर, तात्या."

"किसन, चूक झाली आसंल माझ्याकडनं..."

"आसंल न्हाई. शेपटी धर. आन मला न्हाई, आईला सांग."

बळवंतानं हात पुढं केला. कपिलेनं शेपटी झटकली, तेव्हा त्याला ती दोनदा पकडावी लागली. "पारूवैनी," तो म्हणाला, "गाठी मी सोडल्या. म्हशी मी घातल्या. दादाची गाय न्हवती."

माझ्या आईनं विचारलं, "आन परत बांधल्या त्या कुटल्या हातानं?"

बळवंतानं उजवा हात वर केला. शाळेतल्या पोरासारखा, सगळ्यांपुढं. हसलेला म्हातारा तिथंच होता. तो आपल्या पायांच्या अंगठ्यांकडं बघत राहिला.

मी भारा बांधला. मोठा बांधला, माझ्या घरच्या देण्यात कमी निघायला नको. आणून त्याच्यापुढं टाकला आणि दोन पावलं मागं सरून हाताची घडी घातली. गवताचा मोठा भारा एकट्याला डोक्यावर चढवता येत नाही. दुसऱ्यानं हात द्यावा लागतो. वाटेनं जाणारा परका माणूससुद्धा थांबून हात देतो, आमच्यात तशी रीतच आहे. बळवंता वाकला, भारा गुडघ्यापर्यंत आला आणि खाली पडला. पुन्हा वाकला. लोकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही, त्यामुळं कुणी पुढं झालं नाही. तिसऱ्यांदा तो गुडघ्यावरच बसला. गवतात तोंड लपल्यासारखं झालं.

तेव्हा आबा ओट्यावरून उतरले. सावकाश चालत आले, भाऱ्याच्या दुसऱ्या बाजूला वाकले आणि म्हणाले, "उचल, बळवंता." दोघांनी मिळून भारा चढवला. बळवंता भाऱ्याखाली वाकून खिंडीकडं निघाला. त्याचं तोंड आम्हाला दिसलं नाही. आबा तिथंच उभे राहिले, अंगावर पडलेली काडी झटकली आणि मला म्हणाले, "निवलं का तुझं?"

"न्हाई," मी म्हणालो.

गावकीनं पहिली मूठ पुन्हा आबांना देऊ केली. ते नको म्हणाले, म्हणून ती माझ्याकडं आली. पुढं माझ्या हयातीत दसऱ्याआधी रान कधी उघडलं नाही. मोरी जगली. बळवंताही लय वर्षं जगला. वाटेत भेटला की बाजूला सरायचा, आणि मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. आबांनी त्याला हात दिला, तो त्यांचा विचार होता. त्यांचं मन मोठं होतं, माझं नाही. त्याची तिरडी माझ्या दारापाशी आली तेव्हा एका पोरानं मला हाक मारली, "किसनआबा, खांदा देता का?" मी माझे दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तसेच ठेवले, ती वळणाआड जाईपर्यंत.